दोराचं टोक

सुरतच्या डाईंग मिलमध्ये तपासणीला आलेले इन्स्पेक्टरसाहेब मराठी निघाले, म्हणून तिथं राबणाऱ्या चिंधाला धीर आला. त्यांना एकटं गाठून तो म्हणाला, "रंगाच्या पाण्याची टाकी साफ करायला माणसं तशीच, मास्क न देता उतरवतात, साहेब. आत गॅस साचतो. मागं माझा मेहुणा कोसळला तो उठलाच नाही. माझं नाव सांगू नका." साहेबांनी मान डोलावली. शेठच्या केबिनमध्ये चहा पिऊन निघताना मात्र हसत म्हणाले, "शेठ, तुमच्या चिंधाला टाकीची फार काळजी हं!" शेठही हसले. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर गोडीनं म्हणाला, "चिंधाभाई, आज टाकीत तुम्ही उतरा." नोकरी गेली तर मिलची खोलीही जाणार होती. झाकण निघताच कुजका वास आला. चिंधानं कमरेला दोर बांधून सोबत्यांकडे पाहिलं. कुणी मान वर करेना. दोराचं टोक सुपरवायझरनं धरलं. "उतरा, मी आहे ना."