पैसा कुठून येणार?

"अब्बा, तुम्ही विरोधी बाजू घ्या," समरीन म्हणाली. रविवारी, मस्कतमधल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, शाळेत तिची डिबेट होती. निवडून आलो तर विद्यार्थ्यांची सगळी शिक्षणकर्जं माफ करीन, असं अमेरिकेतला एक उमेदवार म्हणत होता आणि समरीनला त्याच्या बाजूनं बोलायचं होतं.

"पैसा कुठून येणार?" नुकत्याच जुम्म्याच्या नमाजाहून आलेल्या मजीदनं टोपी काढता काढता विचारलं.

"शेअर बाजारात पैसा लावतात ना, त्यांच्यावर थोडा थोडा टॅक्स."

"त्यांनी का भरायचा? त्या पोरांना ते ओळखतात तरी का?"

समरीन कागद चाळू लागली. तेवढ्यात बेल वाजली. दारात गावाकडच्या जमातीच्या मंडळाचे मुकादमचाचा पावतीपुस्तक घेऊन उभे होते. मस्कतच्या रुवी भागात राहणाऱ्या गावकऱ्यांच्या दारोदार ते दर महिन्याला फिरत. मजीदनं दोन रियाल त्यांच्या हातावर ठेवले.

"हे कशाला?" ते गेल्यावर समरीननं विचारलं.

"गावातली एक पोरगी नर्सिंगला गेलीय. तिच्या फीला."

"कुणाची?"

"ते विचारायचं नसतं," मजीद दार लावत म्हणाला. "जमातीनं माझी आयटीआयची फी भरली, तेव्हा माझंही नाव कुणी विचारलं नव्हतं."