खात्री

बायकोनं लावलेलं कुलूप स्वतः ओढून बघितल्याशिवाय निवृत्त तपासनिसांचा पाय घराबाहेर पडत नसे. पक्षी बघायच्या सहलीत वाळक्या झाडावरचा दुर्मीळ गरुड तासभर जागचा हलला नाही, तशी त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"पेंढा भरून बसवलाय. वेड्यात काढतायत आपल्याला," ते बायकोच्या कानाशी पुटपुटले. मोठ्या दुर्बिणीच्या रांगेत पहाटेपासून उभ्या असलेल्या तिचा नंबर आता लागणारच होता.

"अहो, गप्प बसा जरा."

पण त्यांना कुठलं राहवतंय. तडक झाडाखाली गेले आणि त्यांनी जोरात टाळी वाजवली. गरुड उडाला तो थेट डोंगरापलीकडे.

 

रांगेतून बाहेर येत बायको म्हणाली, "लागलेलंच होतं कुलूप."