काचेच्या बशीतले हेमंतराव

दर गुरुवारी दाराबाहेर चपला काढून पल्लवीताई प्रयोगशाळेत जायच्या. काचेच्या बशीत त्यांच्या नवऱ्याच्या, हेमंतरावांच्या आतड्याचा नखाएवढा तुकडा, कर्करोगाच्या गाठीसकट, हलकेच आकसत आणि सैलावत असायचा. ऑपरेशनआधी किरणोपचार, केमो आणि प्रतिकारशक्तीचं औषध कसं जुळवून द्यायचं, ते रुग्णाच्या पेशींपासून वाढवलेल्या अशा तुकड्यावर डॉक्टर आधी बघत. हेमंतरावांना तेवढा धीर निघाला नाही. "आधी कापून टाका!" म्हणून ते हटून बसले. कापलं, पण रोग यकृतात शिरला आणि ते गेले.

तुकडा मात्र पुढच्या रुग्णांसाठी जिवंत ठेवला होता. म्हणून ताईंनी मंगळसूत्र उतरवलं नव्हतं. जाऊ त्यावरून बोललीच, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "ते अजून दवाखान्यात आहेत."

आज प्रयोगशाळेतल्या डॉक्टर मृणाल खुर्ची ओढून समोर बसल्या. "ताई, गुण आला. आधी किरण, मग दोन्ही औषधं एकत्र. बशीतली गाठ पुरती विरघळली. त्यांना ऑपरेशन लागलंच नसतं."

 ताईंनी पिशवीतून हेमंतरावांचा धुतलेला सदरा काढून मांडीवर ठेवला.

"मग आता घरी कधी सोडताय?"