सगळ्यांच्या मागं

चौथा किलोमीटर संपला तरी भिमी शेवटचीच होती. सुनिल सरांनी मोटारसायकल तिच्या बाजूला घेतली आणि पुन्हा तेच सांगितलं, की बाई, आता तरी पुढं हो. भिमीनं मान हलवली. मान ती नेहमीच हलवायची. धावत मात्र होती आपली तेवीस पोरींच्या मागं, अनवाणी, ना धाप ना घाम. सर मनातल्या मनात चडफडले.

तालुक्याची आठ किलोमीटरची शर्यत होती. किन्हवलीच्या मैदानातून निघायचं आणि वाड्यापाड्यांना वळसा घालून तिथंच परत यायचं. पहिली येईल तिला जिल्ह्याच्या क्रीडा वसतिगृहात जागा. राहणं, जेवण, शाळा, सगळं तिथंच. दुसरीला प्रमाणपत्र. भिमीच्या बापाला, कमळूला, प्रमाणपत्र काय करायचं होतं? भात झोडून झालं होतं आणि सोमवारी अख्खं घर वीटभट्टीवर निघणार होतं. तो सरांना शांतपणे म्हणाला होता, "पयली आली तं न्या तिला. नाय आली तं आमच्यासंगं येल. वाडीत एकटी पोर कशी ठेवू?" माणूस काही चुकीचं बोलत नव्हता. सरांनी चहा संपवला होता.

पोरीला धावायला कुणी शिकवलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ती वाडीची गुरं राखायची. एकदा उधळलेल्या गोऱ्ह्याला तिनं ओढ्याच्या अलीकडेच गाठलेलं सरांनी पाहिलं आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. त्यांनी तिला बूट आणून दिले. तिनं ते घरी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले. मग श्वास कसा घ्यायचा, चढाला पाऊल कसं टाकायचं, सगळं शिकवलं. तिनं सगळं ऐकलं. पण शाळेच्या मैदानाला चकरा मारायला दहा मुली असोत की दोन, ही आपली सगळ्यांच्या मागं. हेडमास्तर म्हणाले, अहो, हे पालथ्या घड्यावर पाणी आहे. शाळेतून एकच नाव पाठवायचं होतं. सरांनी तिचंच पाठवलं, आणि आता तो घडा त्यांच्याच डोक्यावर फुटणार होता.

पाचव्या किलोमीटरला रस्त्याला फाटा फुटतो. तिथं एक मुलगी चुकून खालच्या वाटेला लागली. भिमीनं टाळूला जीभ लावून एक आवाज काढला, धावत खाली उतरून हात आडवा केला आणि तिला वळवून पुन्हा रस्त्यावर आणून सोडलं. सरांनी कपाळावर हात मारून घेतला. शर्यतीत चुकलेल्याला कुणी वाट दाखवतं का! बरं, दाखवली तर दाखवली, मग निदान तिच्या पुढं तरी जावं. तेही नाही. भिमी पुन्हा तिच्या मागं.

सातवा किलोमीटर सरला, शेवटचा चढ चढून झाला आणि खाली मैदान दिसलं. मांडव दिसला, कर्णा ऐकू आला, दोन बांबूंना बांधलेली लाल फीत दिसली. सगळ्या पोरींच्या पायांत बळ आलं. वाशिंदची दामिनी सुरुवातीपासून पुढं होती. तिनं वेग वाढवला तशा बाकीच्याही सुटल्या. सरांनी हाय खाल्ली. कमळूला आता काय तोंड दाखवायचं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

आणि भिमीचा चेहरा बदलला. घाबरलीच ती. चुलीवर दूध ठेवून बाहेर आलेली बाई घाबरते तशी. तिनं रस्त्याची कड धरली आणि अशी सुटली, की सरांना गाडीचा गियर बदलावा लागला. पाच मुली मागं पडल्या, दहा पडल्या, फाट्यावर चुकलेली तर केव्हाच मागं गेली. मैदानाच्या वळणावर दामिनीनं एकदा मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं, कारण भिमी तोवर तिच्या बाजूला आली होती. पुढच्या शंभर पावलांत ती पुढं गेली, आणि चांगली पंधरावीस पावलं पुढं गेली.

खरं सांगायचं तर, फीत कशी तोडायची हे सरांनी तिला शिकवलंच नव्हतं. ती वेळ येईल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं. भिमी फितीपाशी पोचली, वाकून खालून आत शिरली, गर्रकन वळली, बांबूवरची गाठ ओढून सोडली आणि फीत हातात गोळा करून बाजूला उभी राहिली. दामिनी आत आली. मग तिसरी, मग चौथी. येणाऱ्या प्रत्येकीकडं बघून भिमीचे ओठ मोजल्यासारखे हलत होते.

वाशिंदच्या प्रशिक्षकांनी हरकत घेतली, की फीत छातीनं तोडलीच नाही. पंच चालत रेघेपाशी गेले आणि खाली वाकले. चुन्याची रेघ पुसटली होती आणि तिच्या आतल्या बाजूला दोन अनवाणी पावलं पांढरी उमटली होती. बूट घातलेल्यांचे ठसे सगळे त्यांच्यावर होते. पंचांनी भिमीचं नाव पहिलं लिहिलं. मांडवाच्या खांबाला धरून उभा असलेला कमळू हसत होता आणि गमछ्यानं डोळे पुसत होता.

सरांनाही हसू आवरत नव्हतं, पण मास्तर तो मास्तरच. "अगं, एवढं धावता येतं, तर इतके दिवस मागं का ऱ्हायलीस?"

भिमीनं शेवटची पोर आत आलेली पाहिली, मगच हातातली फीत खाली ठेवली.

"गुरांच्या मागंच ऱ्हायाचं असतं ना, सर. पन घर दिसलं का ती धावत सुटतात. मंग त्यांच्या आदी जाऊन गोठ्याची आगळ काडाय लागते."