नादाचा पहिला अर्थ

पहिल्या फेरीत नवऱ्याने एकही आवाज चुकवला नाही. काचेपलीकडच्या खोलीत तो कानाला हेडफोन लावून ताठ बसला होता आणि शिट्टी वाजली की हातातलं बटण दाबत होता. बायको काचेच्या अलीकडे, कान तपासणाऱ्या मुलीशेजारी बसली होती.

"बघितलंस? कान ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "फोनवर भलतंच काहीतरी बोलतात म्हणून लेकीने नंबर लावला. अगं, यांना जुनी घड्याळं दुरुस्त करायचा नाद आहे. मागची खोली रिकामी पडलीय आणि सगळी घड्याळं हॉलमध्ये. पाय ठेवायला जागा नाही. त्या नादात शिरले की शेजारी तोफ उडाली तरी मान वर करत नाहीत. ऐकू येतं गं, ऐकायचं नसतं!"

मुलगी आत गेली, तिने त्याची खुर्ची भिंतीकडे वळवली आणि परत येऊन पुन्हा शिट्ट्या सोडल्या.

बटण दाबलं गेलं नाही. तिने आवाज वाढवला, आणखी वाढवला, शेवटच्या आकड्यापर्यंत नेला. नवऱ्याची पाठ ढिम्म.

"काकू, ते माझा हात बघून बटण दाबत होते."

बायकोच्या तोंडचं पाणी पळालं.

नवरा बाहेर आला. दोघींचे चेहरे बघून चोरी पकडल्यासारखा हसला. मुलीने त्याच्यासमोर बसून सावकाश विचारलं, "काका, कधीपासून?"

"छापखान्यात होतो तेव्हापासून कमी होत गेलं. आता सात-आठ वर्षं काहीच नाही. समोरच्याचे ओठ वाचतो. भागतं."

"आणि घड्याळ चालू झालेलं कसं कळतं?"

"बोटाला कळते ना टिकटिक." त्याने टेबलावर बोट टेकवून दाखवलं. "आमच्या मशीनवर एकदा शब्दकोश छापला होता. त्यात नादाचा पहिला अर्थ आवाज. आवाज कानात बसला की सुटत नाही, म्हणून छंदालाही नाद म्हणायला लागले असतील. तो दुसरा अर्थ. माझा पहिला गेला. दुसऱ्यावर दिवस काढतोय."

मुलगी हसली. बायको मात्र मनात वर्षं मोजत होती.

पाच वर्षांपूर्वीची दुपार. हा पाठमोरा, घड्याळ उघडून बसलेला. ती दारात उभी. "अहो, आईला आपल्याकडे आणायचं का? तिला आता एकटीला होत नाही." दोनदा विचारलं होतं. मान वर झाली नव्हती. तिसऱ्यांदा विचारायला तिचा मानीपणा आडवा आला. चार महिन्यांनी आई गेली, बंद दाराआड, एकटी. तेव्हापासून ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलत आली होती.

ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटायची. मग तूच बोलेनाशी झालीस. म्हटलं, बरंच झालं, पकडला जाणार नाही."

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. त्याला ओठ पुरेसे होते. "दोनदा विचारलं होतं. आईला आणायचं का म्हणून."

नवऱ्याचं हसू मावळलं. तो बराच वेळ तिच्या ओठांकडे बघत राहिला, अजून काही यायचं राहिलं असेल म्हणून.

"मी वाट बघत होतो तू विषय काढशील म्हणून," तो म्हणाला. "मग वाटलं, तुलाच नको असेल. नाहीतर मागची खोली कुणासाठी रिकामी केली होती मी?"