कणकेचं बोट

दवाखान्यातून तो एकटाच परतला तेव्हा परातीतली कणीक सुकली होती आणि संगणक बंद होता. धावपळीत शेजाऱ्यांनी गॅस बंद केला, दिवे बंद केले, तसा तोही केला. चांगल्या मनानेच.

सकाळी कणीक मळता मळता उठून त्याची बायको संगणकापाशी गेली होती. आकाशाच्या एकाच तुकड्याचे दोन फोटो ती आलटून पालटून बघायची. एकात दिसतो आणि दुसऱ्यात नाहीसा होतो, तो तेजोमेघ. मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूचा ढग. "अहो, सापडला. कुणाच्याच यादीत नाही. हा बघा," असं म्हणत तिने कणकेचं बोट काचेवर टेकवलं. त्याला नुसती खसखस सांडल्यासारखी दिसली. तो तसं म्हणालाही.

"तुम्हाला कपाटातला सदरा सापडत नाही, हा काय सापडणार," ती म्हणाली. नोंद जेवणानंतर करते म्हणून स्वयंपाकघरात गेली, आणि तिथेच पडली.

महिन्याने तिच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या गटातला एक चष्मेवाला मुलगा आला. ठिकाण कळलं तर मोठ्या दुर्बिणीतून खात्री करून घेऊ, नोंद काकूंच्याच नावावर होईल, म्हणाला. संगणकात मागचं काहीच नव्हतं. यंत्र जुनं, संथ होतं म्हणून ती रोज सगळं काढून टाकायची, आणि त्या दिवशी उघडलेलं संगणक बंद करताना गेलं होतं. तिने आकाशाचा कुठला भाग उघडला होता हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भाग हजारो होते.

तो चष्मेवाल्याला एकेक फोटो उघडायला लावून काचेवर उरलेल्या तिच्या बोटाच्या कणकेच्या डागाखाली बघायला लागला. त्या दिवशी फोटो किती मोठा केला होता, कुठे सरकवला होता, तेही कळायला मार्ग नव्हता. शेवटी चष्मेवाला म्हणाला, "काका, बोट काचेवर आहे. आकाशात नाही."

"असू दे. पुढचा लाव."

संध्याकाळी मुलगी ओलं फडकं घेऊन दारात उभी राहिली. आईचे कपडे तिने वाटले होते, औषधं टाकली होती, परातही घासून पालथी घातली होती. वडिलांची पाठ तशीच पडद्याकडे वाकलेली होती. समोर पुन्हा खसखस होती.

"बाबा, एवढं पुसून घेऊ?"

त्याने हात आडवा धरला. ती फडकं पिळत आत गेली.

घर सगळं आवरून झालं. ती काच तेवढी पुसायची राहिली आहे.