डाव्या हाताची फरशी

गोधडीचे एकशे बारा चौकोन, त्यातले एकतीस जळालेले.

फरशीचा एक तुकडा. टेबलाच्या डाव्या कडेला, कायमचा. तापलेली इस्त्री टेकवायला.

त्याच टेबलावर इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग. उजव्या कडेला.

पिशवीत निळ्या कापडाचे दोन तुकडे, एका शिवणीने जोडलेले.

ते तुकडे म्हातारीने दुकानाच्या काउंटरवर पसरले आणि सगळ्यात जड इस्त्री तापवून मागितली. दुकानदाराने आधी तिच्या मुलाकडे पाहिलं. मुलाने मान हलवली, तेव्हा कुठे प्लग लागला.

तिने इस्त्री डाव्या हातात घेतली. शिवणीवर ठेवली, दाबली, उचलली. फिरवली नाही. गोधडीच्या तुकड्यांवर इस्त्री फिरवली की कापड ताणतं आणि चौकोनाचा पतंग होतो. तळाला वाफेची भोकं नव्हती, म्हणजे कापडावर वळ उठायचे नाहीत. शिवण सपाट बसली. अशीच एक तिने जन्मभर वापरली होती. ती मुलाने आग लागली त्याच दिवशी भंगारात देऊन टाकली.

“हीच,” ती म्हणाली.

दुकानदार मुलाला दुसरी दाखवत होता. वजनाला फूल, आणि तीस सेकंद हात लागला नाही की आपोआप बंद.

“हीच द्या. दुधाने तोंड पोळलंय आमचं,” मुलगा हसत म्हणाला, आणि सगळं सांगत सुटला. आई इस्त्री चालू ठेवून विसरली, गोधडी पेटली, मग पडदा. शेजारी धावले म्हणून घर वाचलं. वय झालं की चालायचंच. म्हातारी ऐकत राहिली. सुनेच्या माहेरीसुद्धा हे सांगून झालं होतं. दर खेपेला ज्वाळा वीतभर वाढत.

मग तिने शांतपणे सांगून पाहिलं. दोन तुकडे मशीनवर जोडून परत येईपर्यंत मिनिट जातं. दर वेळी इस्त्री निवलेली मिळणार. एका गोधडीत शेकडो शिवणी. ही घेतली तर तिचं काम संपल्यातच जमा.

“मग संपू दे ना,” मुलगा म्हणाला. “तुला कुणी जुंपलंय का?”

दुकानदाराने वॉरंटीचं कार्ड पुढे ओढलं. घरात वापरणारं कोण कोण, त्याने विचारलं.

“आईच. दुसरं कुणी इस्त्रीला हातही लावत नाही.”

म्हातारीचा हात सवयीने डावीकडे गेला. तिथे फरशी नव्हती. तिने इस्त्री उभी केली, प्लग स्वतः काढला. मग मुलाकडे वळली.

“नीट आठवून सांग.”

“मी काय आठवू, आई? विसरतेस तू.”

तो उजव्या हाताने कार्डावर सही करत होता. दुकानदाराने हलकी इस्त्री खोक्यात घातली. म्हातारीने निळे तुकडे घडी करून पिशवीत टाकले. ते अजून गरम होते.

गोधडी जळाली त्या सकाळी मुलाची बढतीची मुलाखत होती. म्हातारी भाजी आणायला गेली होती, आणि शर्टाची कॉलर त्याने स्वतःच इस्त्रीने कडक करून घेतली होती.